पाठवलेलं कार्ट समोरच्याला रिकामं दिसतं तेव्हा

महालक्ष्म्यांच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या सेलचा आठवडा, या काळात आमच्या नात्यागोत्यातून मला येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीचे असतात. नणंद पुण्याहून सांगते, ‘वहिनी, सगळं कार्टमध्ये टाकून लिंक पाठवली आहे, तुम्ही फक्त पैसे भरा.’ इकडे नागपुरात वहिनी लिंक उघडते तर कार्ट रिकामं. ‘ताई, इथं तर काहीच दिसून नाही राहिलं!’ मग स्क्रीनशॉट येतात. ते पाहून एकेक वस्तू हुडकायची, त्यात एखादीचा रंग चुकतो, एखादी दोनदा येते. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणतं, ‘जाऊ द्या, माझा नंबर टाकून लॉगिन करा, ओटीपी सांगते मी.’

दरवर्षी गाडी याच वाक्यावर येऊन थांबते आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. म्हणून ही अडचण मुळापासून लिहून ठेवतेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: वाटायची ती यादी, कार्ट नाही. कार्ट एकाच माणसाचं असू द्या, ऑर्डर त्याच्याच खात्यातून जाऊ द्या, आणि ओटीपी घरातल्या घरातसुद्धा मागू नका.

लिंक बरोबर असते, तरी कार्ट रिकामं का?

कार्टच्या पानाचा पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो. नणंदेने तिच्या कार्टची लिंक कॉपी केली तरी त्या लिंकमध्ये तिचं सामान लिहिलेलं नसतं. लिंकचा अर्थ एवढाच, ‘जो उघडेल त्याला त्याचं स्वतःचं कार्ट दाखव.’ बँकेतल्या पासबुक छापायच्या मशीनसारखं आहे हे. मशीन तेच, पण ज्याचं पासबुक आत जाईल त्याच्याच नोंदी छापून येणार.

कोणाचं कार्ट दाखवायचं हे वेबसाइटला कसं कळतं? तुमच्या फोनमध्ये तिने एक छोटी खूण ठेवलेली असते, तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने ही कल्पना वेबवर आणली, आणि तिच्या अगदी पहिल्या उपयोगांपैकी एक होता ऑनलाइन दुकानातलं कार्ट लक्षात ठेवणं. म्हणजे कार्ट पहिल्यापासूनच एका माणसाच्या ओळखीला बांधलेलं आहे. पुढे त्यात लॉगिन आलं, पत्ता आला, कुपन आलं, आणि ती गाठ आणखी घट्ट झाली. लिंक पाठवून ती सुटत नाही. तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही, नेटही बरोबर आहे.

याला दोन-तीन अपवाद आहेत, ते ठाऊक असलेले बरे. पुष्कळ छोट्या ब्रँडची आणि दुकानांची वेबसाइट शॉपिफाय या सेवेवर चालते. तिथे वस्तूचा क्रमांक आणि नग लिंकमध्येच लिहून तयार कार्टची लिंक बनवता येते. तुम्ही एखाद्या साडीवाल्याशी किंवा मसालेवाल्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत असाल, तर ‘तयार कार्टची लिंक पाठवता का’ असं विचारून पाहा. जमत असेल तर ती लिंक घरात कोणीही उघडली तरी सामान भरलेलंच दिसेल. झोमॅटोने २०२४ मध्ये ग्रुप ऑर्डर आणली, त्यात एकाने लिंक पाठवायची, बाकीच्यांनी आपापल्या फोनवरून जिन्नस टाकायचे आणि ऑर्डर एकाने करायची. संगणकावर खरेदी करणाऱ्यांसाठी शेअर-अ-कार्टसारखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम मिळतात. ती कार्टमधल्या वस्तूंचा एक कोड बनवतात, समोरच्याने त्याच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की वस्तू त्याच्या कार्टमध्ये भरल्या जातात. पण पत्ता आणि कुपन त्यातून जात नाही, शिवाय एक्स्टेन्शनला तुमचं खरेदीचं पान वाचायची परवानगी द्यावी लागते. संगणकाची सवय असलेल्या दोन बहिणींमध्ये ते ठीक आहे. सासूबाईंच्या फोनसाठी मी ते सुचवणार नाही.

माझंच कार्ट मला रिकामं दिसतं

ही वेगळी तक्रार आहे, पण पहिलीत मिसळून येते. व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबली की ती कधी अ‍ॅपमध्ये उघडते, कधी ब्राउझरमध्ये. अ‍ॅपमध्ये तुम्ही लॉगिन केलेलं असतं, ब्राउझरमध्ये नसतं. म्हणजे एकाच फोनमध्ये तुमची दोन कार्ट झाली. वरती कोपऱ्यात तुमचं नाव दिसतंय की ‘साइन इन’ दिसतंय हे आधी पाहा. नाव नसेल तर तिथे वस्तू टाकत बसू नका, ते पान बंद करून अ‍ॅप उघडा.

याचं उलटंही होतं. ब्राउझरमध्ये लॉगिन न करता मागे कधीतरी चार वस्तू टाकल्या होत्या, आज लॉगिन केलं आणि त्या अचानक खऱ्या कार्टमध्ये येऊन बसल्या. बहुतेक दुकानं अशी दोन कार्ट एकत्र करतात. म्हणून लॉगिन झाल्यावर पैसे भरण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत कार्ट वाचून काढायचं.

आणि एक, फोनवरून कोणाला समजावत असाल तर दोघांच्या अ‍ॅपची भाषा कोणती आहे हे आधी विचारा. अमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोन्ही मराठीत चालतात. मुलगा पुण्यात इंग्रजी अ‍ॅप पाहत ‘सेव्ह फॉर लेटर दाबा’ म्हणत असतो आणि आईच्या मराठी अ‍ॅपमध्ये त्या नावाचं बटणच नसतं. अर्धं भांडण तिथेच असतं. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर आईला स्क्रीन शेअर करायला सांगा, २०२३ पासून ती सोय आहे. फक्त पैसे भरायचं पान आलं की शेअरिंग बंद करायचं, आणि ही सोय फक्त घरच्या माणसाशीच वापरायची, हे आईला दर वेळी सांगा. अनोळखी माणूस ‘स्क्रीन दाखवा, मदत करतो’ म्हणाला की फोन ठेवायचा.

कार्ट नाही पाठवायचं, तर काय पाठवायचं?

अमेझॉनवर हे काम विश लिस्टने होतं. वस्तूच्या पानावर कार्टच्या बटणाखाली लिस्टमध्ये टाकायचं बटण असतं. नवी लिस्ट बनवा, तिला सरळ नाव द्या, ‘महालक्ष्म्या’ किंवा ‘आईचं किराणा’. मग त्या लिस्टमधून दुसऱ्याला बोलवायचं. तिथे दोन पर्याय येतात: फक्त पाहता येईल, किंवा पाहता आणि बदलताही येईल. वस्तू दोघींना टाकायच्या असतील तर दुसरा निवडा. ही निमंत्रणाची लिंक कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. नणंदेला एकटीला पाठवा.

यात मजा अशी की वस्तू यादीत दोघींच्या, पण जी ऑर्डर करणार ती तिथून आपल्या कार्टमध्ये टाकते. पत्ता तिचा, पैसे तिचे, ओटीपी तिच्या फोनवर. कोणाला कोणाच्या खात्यात शिरावं लागत नाही.

यादीतल्या प्रत्येक वस्तूखाली किती नग हवे आणि काही सांगायचं असेल तर ते लिहायची जागा असते. ती रिकामी सोडू नका. साडीच्या पिनांचं एक पाकीट की दोन, समई पितळेची की स्टीलची, हे तिथे लिहिलं की रात्री अकराला फोन करावा लागत नाही.

ज्या दुकानांत अशी यादी दुसऱ्याबरोबर बदलता येत नाही, किंवा तुमची खरेदी चार दुकानांत विखुरलेली आहे, तिथे गूगल कीप वापरा. एक टिपण उघडा, टिक करायची यादी निवडा, आणि कोलॅबरेटर म्हणून दुसऱ्याचा जीमेल पत्ता टाका. एकाने टिक केलं की दुसऱ्याच्या फोनवर ती वस्तू खाली सरकते. ‘मी घेतलं का तू घेतलं?’ हा प्रश्न मिटतो. घरातल्या मोठ्यांना आपला जीमेल पत्ता माहीत नसतो. त्यांच्या फोनमध्ये प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडचं गोल चित्र दाबा, तिथे दिसतो.

एवढंही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आहेच. पण यादी तिथे एकाच मेसेजमध्ये लिहा आणि तो मेसेज पिन करा, ७ किंवा ३० दिवसांसाठी पिन करता येतो. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो, त्यानंतर काही वाढवायचं असेल तर पूर्ण यादी नव्याने पाठवून जुना पिन काढा. ‘आणि हो, कापूरपण’, ‘अरे, उदबत्ती राहिली’ असे सुटे मेसेज गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबून जातात. आमच्याकडे फुलोऱ्याला लागणारं सामान असंच दबलं होतं.

आणि सगळंच ऑनलाइनच्या यादीत कोंबू नका. महालक्ष्म्यांच्या दोन साड्या एकसारख्या जोडीच्या हव्या असतात, त्या नागपूरच्या गांधीबागेत हाताने पाहून घेण्यातच समाधान. डाळी, गूळ आणि भिवापूरची मिरची मोठ्या प्रमाणात घ्यायची असेल तर इतवारीचा बाजार आहे. यादीचे दोन भाग करा, बाजारातून आणायचं आणि फोनवरून मागवायचं. मग कार्टही हलकं राहतं आणि भांडणही.

मी निळं सांगितलं होतं, हिरवं आलं

स्क्रीनशॉट पाहून वस्तू शोधली की हे होणारच. तोच कुकर तीन लिटरचा, पाच लिटरचा, झाकण आतलं, झाकण बाहेरचं, आणि फोटो जवळपास सारखे. स्क्रीनशॉट न पाठवता वस्तूच्या पानावरचं शेअरचं बटण दाबून लिंक पाठवा. अमेझॉनवर प्रत्येक रंगाला आणि मापाला स्वतःचा दहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, आणि तो लिंकमध्ये जातो. अट एकच, शेअर दाबण्याआधी रंग आणि माप निवडलेलं असलं पाहिजे. आधी लिंक पाठवली आणि मग निळा निवडला, तर समोरच्याला निळा दिसणार नाही.

नग लिंकमधून जात नाहीत. ते शब्दांत लिहा. विक्रेताही बदलू शकतो, कारण एकच वस्तू अनेक विक्रेते विकत असतात आणि तुमच्या पिनकोडसाठी वेगळा विक्रेता समोर येतो. किंमत थोडी पुढेमागे दिसली तर आधी विक्रेत्याचं नाव जुळवून पाहा.

एकच खातं, दोन फोन

पुष्कळ घरांत नवरा-बायको किंवा आई-मुलगी एकच खातं दोन फोनवर वापरतात. एका छताखाली राहत असाल तर त्यात गैर काही नाही, पण त्याचे त्रास ओळखून असा.

कार्ट फोनमध्ये नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. तुमच्या पडद्यावर दिसतं ते शेवटचं उघडलेलं चित्र. तिकडे मुलीने वस्तू काढली तरी इकडे ती दिसत राहते. पान बोटाने खाली ओढून ताजं करा, मग बोला. दोघींनी तीच वस्तू टाकली तर दुकान ‘आधीच आहे’ म्हणत नाही, गुपचूप नग दोन करून ठेवतं. आणि सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे एकीने ‘ऑर्डर करा’ दाबलं की दुसरीने नुसतं बघायला म्हणून टाकून ठेवलेलं सामानही त्याच ऑर्डरमध्ये निघून जातं. जे अजून ठरलेलं नाही ते ‘नंतरसाठी ठेवा’मध्ये सरकवायची सवय दोघींना लागली, की हे थांबतं. काही अ‍ॅप्समध्ये कार्टातल्या वस्तूंसमोर टिक असते, नको त्याची टिक काढून बाकीचं मागवता येतं.

पण सासर-माहेर, नागपूर-पुणे असं अंतर असेल तर एक खातं ठेवू नका. तिथे प्रत्येक घराचं आपलं खातं आणि मध्ये यादी, हेच बरं.

सामान पुण्याला गेलं

खात्यात एक पत्ता ‘नेहमीचा’ म्हणून ठरलेला असतो आणि ऑर्डर करताना तोच आपोआप निवडला जातो. लेकीने कोथरूडहून आईसाठी मिक्सर मागवला आणि तो ४११०३८ ला तिच्याच दारात आला, हे किती घरांत झालं असेल! पत्त्यांना माणसांची नावं द्या, ‘आई, धरमपेठ’ आणि ‘माझं घर’. पैसे भरण्याच्या आधी पिनकोड मोठ्याने वाचा. नागपूर शहराचा पिन ४४० ने सुरू होतो, एवढं पाहिलं तरी पुणे-नागपूर घोळ टळतो.

नागपूरचे पत्ते स्वतः एक अवघड प्रकरण आहेत. आपल्याकडे ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहती. प्लॉट नंबर ४२ या ले-आउटमध्येही असतो आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या सोसायटीच्या ले-आउटमध्येही. बाहेरगावच्या मुलाने पत्ता टाकला तर तो लहानपणी आठवतो तसा टाकतो, ‘अमुक काकांच्या घरामागे’. ले-आउटचं किंवा सोसायटीचं पूर्ण नाव, जवळचं मंदिर किंवा चौक, आणि फोन नंबर म्हणून जो माणूस दारात असणार त्याचा नंबर, हे तीन हवेतच. लेकीने स्वतःचा नंबर दिला तर डिलिव्हरीवाला तिला पुण्यात फोन करतो, ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि आई इकडे दार उघडून वाट पाहते.

दहा-पंधरा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅप्सचं गणित आणखी निराळं. त्यांचं कार्ट खात्याला बांधलेलं असतंच, शिवाय तुमच्याजवळच्या त्यांच्या गोदामालाही बांधलेलं असतं. पुण्याहून कार्ट भरलं आणि मग पत्ता नागपूरचा केला की गोदाम बदलतं, आणि तिथे जे नाही ते कार्टमधून गळतं किंवा ‘उपलब्ध नाही’ होतं. किंमतही बदलते. उपाय सोपा आहे: आधी पत्ता बदला, मगच पहिली वस्तू टाका. आणि इथे पत्त्याच्या शब्दांपेक्षा नकाशावरची पिन महत्त्वाची, पोरगं गाडीवर पिन पाहून येतं. ती पिन घरच्या माणसाने घरी बसून एकदा नीट फाटकावर लावून ठेवावी.

ओटीपी

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते.

‘आई, आत्ता तुझ्या फोनवर सहा आकडे आले असतील, वाच बरं.’ हे आपण किती सहज म्हणतो. आई चष्मा शोधते, वाचून दाखवते, काम होतं. आईला यातून काय शिकायला मिळतं, याचा विचार करा. फोनवर आपल्या माणसाचा आवाज आला, थोडी घाई दिसली की आकडे वाचून दाखवायचे. उद्या कोणी बँकेचा माणूस बनून, कुरिअरवाला बनून, नाहीतर नातवाच्या मित्राचा आवाज काढून हेच मागेल, तेव्हा तिने कोणत्या सवयीने नाही म्हणावं? तिला फसवणारा पुढे भेटेल, पण वाचून दाखवायची सवय तिला आपणच लावलेली असते. ‘माझ्यापुरतं सांग’ हा अपवाद साठीच्या वरच्या माणसाला सांभाळायला लावू नका. नियम एकच ठेवा: ओटीपी फोनवर कोणालाच सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. तुम्ही स्वतः तो कधी मागितला नाहीत तरच तो नियम टिकतो.

ओटीपी तीन प्रकारचे येतात, तेही आईला वेगवेगळे दाखवा. एक लॉगिनचा, तो दिला म्हणजे खात्याची किल्ली दिली. दुसरा बँकेचा पैसे भरताना येणारा, त्या मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं. तिसरा डिलिव्हरीचा. तो मात्र द्यावाच लागतो, पण माणूस दारात उभा आहे, पार्सल हातात आहे, आपण त्यावरचं नाव पाहिलं आहे, तेव्हाच. ‘मी कोपऱ्यावर आलोय, ओटीपी सांगा म्हणजे पटकन काढून ठेवतो’ याला उत्तर एकच, ‘घरी या, मग देते.’

डिलिव्हरीचा ओटीपी बहुतेकदा ज्याच्या खात्यातून ऑर्डर झाली त्याच्या नंबरवर येतो. लेकीने पुण्याहून मागवलं असेल तर तो तिच्याकडे येणार. मग तिने तो आईला आधीच मेसेज करून ठेवावा: ‘आज मिक्सर येईल, तो हातात आला की हा आकडा सांग.’ इथे आकडा लेकीकडून आईकडे जातोय, आईकडून मागितला जात नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

चुकून ओटीपी दिला गेला आणि पैसे गेले तर रडत बसायचं नाही आणि आईला रागवायचं तर अजिबात नाही. ताबडतोब १९३० वर फोन करा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि लगेच बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. खात्याचा पासवर्ड बदला आणि सेटिंगमध्ये ‘सगळ्या फोनवरून बाहेर पडा’ असा पर्याय असेल तर तो दाबा.

मग पैसे कोणी भरायचे?

कार्ट कोणाचं हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे. ज्याचं कार्ड किंवा ज्याचं यूपीआय, त्याचंच कार्ट. भाच्याच्या क्रेडिट कार्डवर सूट मिळत असेल तर भाच्याचा कार्ड नंबर मागू नका. त्याला यादी पाठवा, तो त्याच्या खात्यातून मागवेल, पत्ता तुमचा टाकेल, आणि तुम्ही त्याला यूपीआयने पैसे पाठवाल. कार्डाचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि तिथेच राहतो.

हिशेबासाठी कोणी यूपीआयवर पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवत असेल तर सावध व्हा. माणसाने माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेली आहे. आणि पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही.

आई-बाबांना स्वतःच खरेदी करायची हौस असेल, पण पैसे मुलाने द्यायचे असतील, तर दोन चांगले रस्ते आहेत. एक म्हणजे यूपीआय सर्कल, ही सोय २०२४ मध्ये आली. मुलगा मुख्य, आई दुय्यम, आणि आईच्या फोनवरून भरलेले पैसे मुलाच्या बँकेतून जातात. यात दोन तऱ्हा आहेत. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपये आणि एका वेळी ५,००० रुपये अशी कमाल मर्यादा असते. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक वेळी मुलाच्या फोनवर विचारणा येते आणि पिन तोच टाकतो. एक माणूस पाच जणांना असं जोडू शकतो. मला अर्धी मुभा जास्त आवडते, कारण त्यात आईला कोणी भुलवून पैसे पाठवायला लावले तरी मधे एक दार असतं.

दुसरा रस्ता त्याच दुकानाचं गिफ्ट कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं. ते आईने स्वतःच्या खात्यात भरलं की तिचं कार्ट, तिची निवड, आणि बँकेचा ओटीपी नाही. मात्र खात्यातली अशी शिल्लक पुष्कळदा काहीही न विचारता वापरता येते, म्हणून ज्या खात्यात शिल्लक आहे त्याचं लॉगिन दुसऱ्याकडे असता कामा नये.

काल ७९९ होतं, आज ९४९

कार्टमध्ये टाकलं म्हणजे वस्तू राखून ठेवली असं होत नाही, किंमतही बांधली जात नाही. अमेझॉनच्या लाइटनिंग डीलमध्ये, म्हणजे थोड्या वेळापुरत्या सवलतीत, कार्टमध्ये टाकलेली वस्तू १५ मिनिटं धरून ठेवतात, तेवढंच. सेलच्या रात्री ‘सगळ्यांना विचारून सांगते’ चालत नाही. विचारायचं ते यादी करताना विचारून घ्या आणि सेलमध्ये एकाला हात मोकळा द्या. कुपनही ज्याच्या खात्यात दिसतं त्यालाच लागू होतं, नणंदेला दिसलेली सूट वहिनीला दिसेलच असं नाही.

हे कोणी टाकलं?

सामान मोजून टाकलं होतं, पण बिलाच्या पानावर वॉरंटी, विमा किंवा देणगीचे दहा रुपये जास्तीचे दिसतात. घरात एकमेकांवर संशय घेण्याआधी दुकानाकडे पाहा. ग्राहकाच्या संमतीवाचून कार्टमध्ये काही वाढवणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मनाई केलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे. टिक काढून टाका, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे कापले गेले असतील आणि दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

परत करायचं तर कोणी?

ज्याच्या खात्यातून ऑर्डर गेली त्यालाच ती परत करता येते. वस्तू नागपुरात आईकडे, ऑर्डर पुण्याच्या लेकीची, तर परतीची विनंती लेकीनेच टाकायची. पैसेही ज्या कार्डातून किंवा बँकेतून गेले तिथेच परत येतात, आईच्या हातात नाही. रोखीने घेतलं असेल तर दुकान बँक खातं विचारतं, आणि तो तपशील अ‍ॅपमध्येच भरायचा, फोन करून कोणी मागितला तर द्यायचा नाही.

परत करायचे दिवस डिलिव्हरीपासून मोजतात आणि वस्तूगणिक वेगळे असतात. काही वस्तू परत होतच नाहीत, फक्त बदलून मिळतात. म्हणून पार्सल आलं की आईने ते त्याच दिवशी उघडावं, शक्य असेल तर उघडताना कोणीतरी फोनवर व्हिडिओ घ्यावा. ‘महालक्ष्म्यांच्या दिवशी काढू’ म्हणून कपाटात ठेवलेली समई वाकडी निघाली, तर तोवर मुदत संपलेली असते. परतीचं पार्सल न्यायला येणारा माणूस डबा, लेबल, आतल्या पिशव्या सगळं पाहतो, तेव्हा पुठ्ठ्याचा खोका रद्दीत द्यायची घाई आठवडाभर तरी करू नका.